कुलूपबंद कपाट आणि वाचणारे मूल

(शिक्षणशास्त्राचे छात्राध्यापक आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यासमोर एका अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



ग्रंथपाल म्हटले की पुस्तके सांभाळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. दाखल नोंदवही, तालिका, देवघेव खिडकी आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही, पण अपुरे आहे. विशेषतः शिक्षणशास्त्राच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या ग्रंथपालाच्या बाबतीत ते फारच अपुरे ठरते. त्याच्यासमोर उभा असलेला वाचक म्हणजे उद्याचा शिक्षक असतो आणि त्या शिक्षकाच्या मागे त्याच्या वर्गातली चाळीस-पन्नास मुले उभी असतात. ही मुले ग्रंथपालाला कधी भेटणार नसतात. तरीही त्यांच्या हातात कोणते पुस्तक पडेल, किंवा एकही पडणार नाही, हे काही अंशी ग्रंथपालाच्या टेबलावर ठरत असते. आज याच कामाविषयी बोलायचे आहे. त्यासाठी मी आपल्याला म्हैसूर या शहरात घेऊन जाणार आहे.

म्हैसूरच का?

१ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव मैसूरु असे झाले. मराठीत आपण त्याला म्हैसूरच म्हणतो. राजवाडा, दसरा आणि चंदन यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण ग्रंथालय, शिक्षक आणि बालक या तिघांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर म्हैसूरइतके बोलके शहर क्वचितच सापडेल.

सुरुवात एका जुन्या घटनेपासून करू. म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्ये प्राच्य ग्रंथालयाची स्थापना केली. पुढे तेच प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. १९०५ मध्ये तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री पोथी आली. तंजावर भागातील एका पंडिताने ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केली होती. ती पोथी म्हणजे कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’. शतकानुशतके ज्याचा केवळ उल्लेख आढळत होता, तो ग्रंथ प्रत्यक्ष समोर आला होता. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये त्याची संहिता प्रकाशित केली आणि १९१५ मध्ये इंग्रजी अनुवाद.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी ही घटना सन आणि नाव म्हणून पाठ करतो. मला तीत ग्रंथपालाच्या कामाचे सार दिसते. पोथी दाखल करून घेणे, तिला क्रमांक देणे आणि कपाटात ठेवणे एवढ्यावर शामशास्त्री थांबले असते, तर ग्रंथ सुरक्षित राहिला असता. पण जगाच्या दृष्टीने तो हरवलेलाच असता. त्यांनी तो वाचला आणि म्हणून तो सापडला. न वाचलेले पुस्तक हे एक प्रकारे हरवलेलेच पुस्तक असते, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शिक्षक घडवणाऱ्या संस्था

स्वातंत्र्योत्तर काळात म्हैसूरमध्ये शिक्षणाशी संबंधित दोन महत्त्वाच्या केंद्रीय संस्था उभ्या राहिल्या. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एनसीईआरटी, १ सप्टेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये सुरू केली. त्यांपैकी म्हैसूरचे महाविद्यालय १९६३ सालचे. आज या संस्थांना प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणतात. म्हैसूरच्या संस्थेकडे दक्षिणेकडील राज्यांची जबाबदारी आहे, तर महाराष्ट्र आणि गोवा हे भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र हे एकाच चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एकत्र शिकवण्याचा प्रयोग या महाविद्यालयांनी साठच्या दशकात केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण अभ्यासक्रमाचे मूळ तेथपर्यंत नेता येते.

या संस्थेच्या आवारातच प्रात्यक्षिक शाळा आहे. छात्राध्यापक सकाळी जे सिद्धान्त ऐकतो, ते त्याच आवारात मुलांसमोर तपासून पाहू शकतो. ग्रंथालयाच्या दृष्टीने ही रचना मोलाची आहे. अशा ठिकाणी पियाजे आणि वायगोत्स्की यांचे ग्रंथ जितके आवश्यक, तितकीच चित्रमय गोष्टीची पातळ पुस्तके आवश्यक असतात. एकाविना दुसरे अपुरे आहे.

दुसरी संस्था म्हणजे १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान. भारतीय भाषांचा अभ्यास, शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवणे आणि भाषाविषयक साहित्य तयार करणे हे तिचे कार्य आहे. तिच्या प्रादेशिक केंद्रांपैकी पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात अन्य राज्यांतील शिक्षकांना मराठीही शिकवली जाते. राष्ट्रीय अनुवाद अभियानाचे काम याच संस्थानातून चालते आणि २०१६ मध्ये सुरू झालेला ‘भारतवाणी’ हा बहुभाषिक ज्ञानप्रकल्पही येथलाच. मूल ज्या भाषेत विचार करते, त्या भाषेत त्याला पुस्तक मिळाले पाहिजे, हा विचार ग्रंथपालाने अशा संस्थांकडून उचलायचा असतो.

एका लेखकाची शाळा

आता याच शहरातील एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतो. आर. के. नारायण यांचा जन्म १९०६ सालचा. त्यांचे वडील म्हैसूरच्या महाराजा हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्या शाळेचे ग्रंथालय समृद्ध होते आणि घरीही पुस्तके होती. नारायण यांनी त्या दोन्हींचा मनसोक्त लाभ घेतला. गंमत अशी की, हा विलक्षण वाचणारा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत मात्र नापास झाला. पुढचे वर्ष त्याने घरी राहून वाचनात आणि लेखनात घालवले. १९२६ मध्ये तो परीक्षा उत्तीर्ण होऊन महाराजा महाविद्यालयात दाखल झाला. १९३५ मध्ये त्याची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शाळा, परीक्षा, मास्तर आणि क्रिकेट यांनी भरलेले एका मुलाचे जग भारतीय इंग्रजी साहित्यात तीमधून अवतरले.

आपल्यापैकी अनेकजण परीक्षेच्या तयारीत आहेत, म्हणून हे सांगितले असे नाही. खरा मुद्दा पुढे आहे. नारायण १९८६ मध्ये राज्यसभेवर नामनिर्देशित झाले. १९८९ मध्ये त्यांनी सभागृहात शालेय मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. दप्तराच्या भाराने वाकलेले, खेळायला आणि स्वप्न पाहायला वेळ न उरलेले मूल त्यांनी देशाच्या सर्वोच्च विधिमंडळासमोर उभे केले. त्यातून निर्माण झालेल्या चर्चेनंतर १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ या आशयाचा तिचा अहवाल आला. नारायण यांचे भाषण त्या अहवालाला जोडलेले आहे.

या समितीचे निदान मार्मिक होते. दप्तराचे किलोग्रॅममधील वजन हा प्रश्नाचा एक भाग झाला. त्याहून जड ओझे न समजण्याचे आहे, असे तिने दाखवून दिले. मूल पाठ करते, पण त्याला अर्थ लागत नाही. पाठ्यपुस्तक हेच ज्ञानाचे एकमेव साधन मानल्यामुळे हे घडते. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार करणाऱ्या सुकाणू समितीचे अध्यक्षपदही प्रा. यशपाल यांच्याकडेच होते. शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञानाची सांगड घालणे आणि शिक्षणाला पाठ्यपुस्तकापलीकडे नेणे, ही त्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरली.

म्हणजे साखळी अशी आहे: शाळेचे खुले ग्रंथालय, त्यात रमलेला एक मुलगा, त्याने पुढे लिहिलेले मुलांचे जग, त्याचे राज्यसभेतील भाषण, एक समिती आणि देशाचा अभ्यासक्रम आराखडा. त्या ग्रंथालयामुळेच हे सारे झाले, असा दावा मी करणार नाही. पण त्या कपाटाला कुलूप असते तर साखळीचा पहिला दुवा कच्चा राहिला असता, एवढे नक्की म्हणता येईल.

ग्रंथपाल नेमके काय करतो?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सराव पाठांचे दिवस असतात. एक छात्राध्यापिका येते आणि म्हणते, “सर, चौथीच्या वर्गावर पाठ आहे. पावसावरची एखादी गोष्ट द्या.” तालिका पाहून पावसावरचे पुस्तक काढून देणे सोपे आहे. पण संदर्भसेवा तेथे संपत नाही. ती तेथे सुरू होते. मी तिला काही प्रश्न विचारतो. वर्गातील मुले घरी कोणती भाषा बोलतात? गोष्ट तुम्ही वाचून दाखवणार की मुले स्वतः वाचणार? वर्गात मुले किती? शेवटच्या ओळीतील मुलाला चित्र दिसेल का? पाऊस त्या गावात आनंद घेऊन येतो की घरात पाणी? या प्रश्नांनंतर बहुधा वेगळेच पुस्तक निघते. आणि मी एक देत नाही, तीन देतो. निवड तिने करायची असते, कारण निवड करणे हाही तिच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे.

पाठ झाल्यावर ती पुस्तक परत करायला आली की मी आणखी एक प्रश्न विचारतो, “मुले कुठे हसली, कुठे कंटाळली?” तिचे उत्तर एका वहीत नोंदवून ठेवतो. पुढच्या वर्षी येणाऱ्याला तालिकेपेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते. ग्रंथालयशास्त्राचे अध्वर्यू डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रे आपण परीक्षेसाठी पाठ करता. पुस्तकाची सार्थकता त्याच्या वापरात आहे, प्रत्येक वाचकाला आणि प्रत्येक पुस्तकाला आपापला जोडीदार मिळवून द्यावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहावे, असा त्यांचा आशय. ती वही म्हणजे माझ्यापुरता या सूत्रांचा व्यवहार आहे.

बालपुस्तकांची निवड हे या कामाचे दुसरे अंग. वय आणि वाचनपातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांचे मूल अक्षरे जुळवत वाचत असेल, तर त्याला अक्षरे सोपी पण विषय त्याच्या वयाचा असे पुस्तक लागते. सहा वर्षांच्या मुलाचे पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो. एनसीईआरटीने हिंदीत तयार केलेल्या ‘बरखा’ या मालिकेत चार पातळ्यांवरील चाळीस छोट्या गोष्टी आहेत. रोजच्या जीवनातील प्रसंग आणि पुन्हापुन्हा येणारे शब्द यांमुळे मूल अंदाज बांधत वाचू लागते.

निवड करताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. चित्र मजकुराचीच पुनरुक्ती करते की त्यात भर घालते? गोष्टीतली आई नेहमी चुलीपुढे आणि वडील नेहमी वर्तमानपत्रामागे तर नाहीत? आदिवासी, भटके, अपंग किंवा शहरातल्या वस्तीत राहणारे मूल गोष्टीत माणूस म्हणून येते की दयेचा विषय म्हणून? शेवटी तात्पर्य चिकटवलेले आहे का? बालसाहित्य म्हणजे गोष्टीच्या वेष्टनात गुंडाळलेला उपदेश, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. मुलांना मात्र तो लगेच ओळखू येतो.

कन्नड आणि मराठी या शेजारभाषांकडे यासंदर्भात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कुवेंपु हे १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि कन्नडला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे कवी. त्यांनीच ‘बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगी’ या बालकाव्यात रॉबर्ट ब्राउनिंगच्या बासरीवाल्याला अस्सल कन्नड गावात आणले. जी. पी. राजरत्नम् यांची बालगीते कर्नाटकातील पिढ्यानपिढ्यांच्या ओठी आहेत. मराठीत ‘बालबोधमेवा’, वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला ‘आनंद’ आणि बालभारतीचा १९७१ पासूनचा ‘किशोर’ अशी नियतकालिकांची परंपरा आहे. साने गुरुजी, ताराबाई मोडक, भा. रा. भागवत, विंदा करंदीकर ते माधुरी पुरंदरे अशी लेखकांची परंपरा आहे. मोठ्या साहित्यिकाने मुलांसाठी लिहिणे हे कमीपणाचे नाही, हे या दोन्ही भाषांनी सिद्ध केले आहे. २०१० पासून साहित्य अकादमी बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. मराठीत पहिल्या वर्षी तो अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत गोष्टीत’ या पुस्तकाला मिळाला.

तिसरे अंग मांडणीचे. ड्युई दशांश पद्धतीत शिक्षणशास्त्राला ३७० हा वर्गांक आहे. छात्राध्यापकाला तो समजतो. सात वर्षांच्या मुलाला समजत नाही. म्हणून बालविभागात पुस्तके कण्याकडून न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत, फळी मुलाच्या हाताला पोहोचेल अशी असावी, पातळीनुसार रंगीत पट्ट्या लावाव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही. दृष्टी लागते.

तरतूद आणि वास्तव

धोरणांच्या पातळीवर आपल्याकडे उणीव नाही. १९८७ च्या खडू-फळा योजनेपासून प्राथमिक शाळेत मुलांसाठी पुस्तके असावीत, हे मान्य झाले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि तेथे वृत्तपत्र, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत. गोष्टीची पुस्तके हा शब्द कायद्यात आला, याचे महत्त्व मोठे आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार आणि भारतीय भाषांत दर्जेदार बालसाहित्याची निर्मिती यांवर भर दिला. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्य तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे हे आहे.

आता वास्तव पाहा. ‘असर’ या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील शासकीय शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले होती २३.४ टक्के. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा निश्चित आहे. तरीही चारांपैकी तीन मुले अद्याप त्या पातळीखाली आहेत. वाचायला शिकण्यासाठी वाचायला काहीतरी हवे असते. आणि ते अनेक शाळांत असतेही, कपाटात असते.

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका महाविद्यालयात होतो. माझ्या ताब्यात बालसाहित्याचे एक कपाट होते. साठा पडताळणीत पुस्तक कमी आढळले तर किंमत पगारातून वसूल होईल, असे मला रुजू होतानाच सांगण्यात आले होते. मी कपाटाला कुलूप लावले. मागणी अर्ज, स्वाक्षरी आणि शिफारस असल्याशिवाय ते उघडत नसे. वर्षअखेरीस पडताळणी झाली. एकही पुस्तक गहाळ नव्हते, एकही फाटलेले नव्हते. माझ्या कामाबद्दल चांगला शेरा मिळाला. त्या दिवशी सहज म्हणून मी काही पुस्तकांतील परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. बहुतेक कोऱ्या होत्या. काही पुस्तकांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी पुस्तके सांभाळली होती आणि एक पूर्ण वर्ष हरवले होते. त्या वर्षीचे छात्राध्यापक बालसाहित्य न हाताळताच शिक्षक झाले. त्यांच्या वर्गांतील मुलांपर्यंत काय पोहोचले असेल, याचा हिशेब कोणत्याही पडताळणीत होत नाही.

पुढे मी मुक्तद्वार पद्धत सुरू केली. काही पुस्तके गेली, काही फाटली. चिठ्ठ्या मात्र भरल्या. त्याच सुमारास मला एक गोष्ट समजली, जी मला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवी होती. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ सांगतो की, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येईल. मात्र ती अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा यांमुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा दुर्मीळ ग्रंथ गहाळ झाल्यास चौकशी व्हावी. हा नियम केंद्रीय कार्यालयांसाठी आहे. इतरत्र त्या त्या शासनाचे व व्यवस्थापनाचे नियम लागू होतात. पण त्यामागील विचार सर्वत्र ध्यानात घेण्याजोगा आहे. वापर झाला की थोडी झीज होणार, हे शासनही मान्य करते. हानीचे प्रमाण एकूण साठ्याशी जोडलेले नाही, ते वापराशी जोडलेले आहे, हेही पाहा. म्हणजे जितका वापर अधिक, तितकी सवलत अधिक. कुलूप लावणाऱ्याला हा नियम काहीच देत नाही.

उद्या आपल्यापैकी कोणी गटशिक्षणाधिकारी होईल, कोणी गटविकास अधिकारी, कोणी लेखापरीक्षक. शाळेला भेट द्याल तेव्हा ‘पुस्तके किती आहेत?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्या आधी ‘मागच्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली?’ असे विचारा. प्रश्न बदलला की शाळेतील वर्तन बदलते. शिक्षक वाईट नसतात. ते घाबरलेले असतात. ती भीती काढणे हे प्रशासनाचे काम आहे.

सार्वजनिक ग्रंथालयांची साथ

शाळेचे कपाट उघडले तरी सुटीत काय? येथे सार्वजनिक ग्रंथालयांचे महत्त्व येते. कर्नाटकात १९६५ पासून आणि महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. कर्नाटकच्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही. येथे लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान देण्याची पद्धत आहे. दोन्हींचे गुणदोष अभ्यासण्यासारखे आहेत. करोनाकाळात शाळा बंद असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, कर्नाटकाने ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा प्रकाश, हा उपक्रम सुरू केला. सहा ते अठरा वयोगटातील मुलांना ग्रामपंचायत ग्रंथालयांचे मोफत सभासदत्व देणे हा त्याचा गाभा होता. गावात असलेली, पण मुलांसाठी नसलेली जागा त्यांच्यासाठी खुली झाली.

आणि शेवटी पुन्हा म्हैसूर. शहरातील राजीवनगर भागात, शाळेची पायरी न चढलेल्या एका मजुराने २०११ मध्ये स्वतःच्या कमाईतून वस्तीसाठी ग्रंथालय सुरू केले. आपल्याला जे मिळाले नाही ते इतरांना मिळावे, एवढीच त्यामागची भावना. एप्रिल २०२१ मध्ये ते ग्रंथालय आगीत जळाले. सुमारे अकरा हजार पुस्तके भस्मसात झाली. त्यानंतर ठिकठिकाणच्या लोकांनी त्यांच्यासाठी पुस्तके आणि पैसे दिले, आणि ग्रंथालय पुन्हा उभे करण्याचा त्यांचा निश्चय कायम राहिला. ज्याला स्वतःला वाचण्याची संधी मिळाली नाही, त्याने कपाट उघडे ठेवले. आपण तर पदव्या घेतलेली माणसे आहोत.

आपल्यासाठी दोन शब्द

परीक्षेची तयारी करताना आपण बहुतेक वेळ टिपणांवर आणि मार्गदर्शिकांवर घालवता. माझी विनंती एवढीच की, शिक्षणविषयक प्रश्नांसाठी मूळ दस्तऐवज एकदा तरी हातात घ्या. यशपाल समितीचा अहवाल आकाराने लहान आहे; एका बैठकीत वाचून होतो. शिक्षण हक्क अधिनियमाची अनुसूची तर जेमतेम दोन पानांची. ती वाचलेल्या उमेदवाराचे उत्तर निराळे दिसते, कारण त्याला तरतूद आणि तिचा हेतू दोन्ही ठाऊक असतात. आपल्या जवळच्या अध्यापक महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला भेटा. तो आपला वेळ वाचवील. ते त्याचे कामच आहे.

आणि आठवड्यातून एक तास मुलांच्या पुस्तकांना द्या. शेजारच्या, नात्यातल्या एखाद्या मुलाला एक गोष्ट वाचून दाखवा. मध्येच थांबा आणि ‘पुढे काय होईल?’ असे विचारा. मूल ज्या उत्सुकतेने आपल्याकडे पाहील, ते पाहिल्यावर साक्षरतेच्या टक्केवारीमागे नेमके काय आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शामशास्त्रींनी पोथी वाचली म्हणून ती सापडली. आपल्या शाळांच्या कपाटांत आजही हजारो पुस्तके सापडण्याची वाट पाहत आहेत. किल्ली उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी हाती येणार आहे. ती खिशात ठेवू नका.